म्युझिकब्रेन्झ पिकार्ड: गाणे तो ओळखतो, अल्बम मात्र आपण निवडायचा

संगीताच्या फाइली स्वतःच्या संगणकावर जपून ठेवणाऱ्यांना ‘ट्रॅक ०१’ आणि ‘अज्ञात कलाकार’ अशा नावांचे फोल्डर नवे नाहीत. सीडीवरून उतरवलेली, विकत घेतलेली आणि जुन्या संगणकावरून आलेली गाणी एकत्र झाली, की एकाच गायकाचे नाव तीन तऱ्हांनी लिहिलेले आढळते आणि प्लेअर त्याचे तीन गायक करून टाकतो. हा पसारा आवरणाऱ्या साधनांमध्ये म्युझिकब्रेन्झ पिकार्ड मला सर्वांत जाणते वाटते. मात्र तुमचा संग्रह अल्बमांचा आहे की सुट्या गाण्यांचा, यावर त्याची उपयुक्तता बरीचशी ठरते.

पिकार्ड विनामूल्य आणि मुक्तस्रोत असून विंडोज, मॅकओएस आणि लिनक्स या तिन्हींवर चालते. त्याची खरी ताकद त्याच्या मागे असलेल्या म्युझिकब्रेन्झ या माहितीसाठ्यात आहे. सीडीची माहिती पुरवणारा सीडीडीबी हा साठा वापरकर्त्यांनीच भरला होता. तो व्यावसायिक मालकीत गेल्यावर, तसे पुन्हा होऊ नये म्हणून रॉबर्ट के यांनी म्युझिकब्रेन्झची सुरुवात केली. आज तो मेटाब्रेन्झ या ना-नफा संस्थेकडे आहे आणि त्यातील नोंदी स्वयंसेवक करतात व तपासतात. एकच ध्वनिमुद्रण किती वेगवेगळ्या प्रकाशनांत आले, हे तिथे स्वतंत्रपणे नोंदलेले असते, आणि पिकार्डचे गुण व त्रास दोन्ही याच बारकाईतून येतात.

फाइली ओळखण्याचे दोन मार्ग आहेत. ‘क्लस्टर’ केल्यावर फाइलींत आधीपासून असलेल्या टॅगच्या, म्हणजे फाइलीतच लिहिलेल्या गाणे, गायक, अल्बम अशा माहितीच्या आधारे त्यांचे अल्बमवार गट पडतात आणि मग ‘लुकअप’ने त्या गटाशी जुळणारा अल्बम शोधला जातो. ‘स्कॅन’ मात्र टॅगकडे न पाहता आवाजच ऐकते: गाण्याच्या सुरुवातीच्या १२० सेकंदांपर्यंतच्या भागावरून एक ठसा तयार होतो आणि तो ॲकॉस्टआयडी या सेवेकडील ठशांशी ताडला जातो. फाइल एमपी३ असो वा फ्लॅक, नाव असो वा नसो, ओळख बहुधा पटते, आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे जादूसारखे वाटते. अडचण त्यानंतर येते. ठशावरून कळते ते ध्वनिमुद्रण. ते मूळ अल्बमातून घेतलेले आहे, नंतरच्या आवृत्तीतून की ‘निवडक गाणी’ छापाच्या एखाद्या संकलनातून, हे आवाजावरून ठरवता येत नाही. त्यामुळे बारा गाण्यांचा अखंड अल्बम नुसता स्कॅन केला, तर त्यातली चार गाणी भलत्याच संकलनांत जाऊन बसू शकतात. म्हणून ज्या फाइलींचे टॅग निदान अर्धेमुर्धे शाबूत आहेत, त्यांच्यासाठी आधी क्लस्टर आणि लुकअप, आणि उरलेल्या अनोळखी फाइलींसाठीच स्कॅन, हा क्रम पाळावा. पसंतीच्या प्रकाशनांना झुकते माप देण्याची सोय सेटिंगमध्ये आहे. तिथे संकलनांचे वजन आधीच कमी करून ठेवणे शहाणपणाचे.

जुळणी किती विश्वासार्ह आहे हे प्रत्येक गाण्याशेजारच्या हिरव्या ते लाल रंगाच्या खुणेवरून कळते, आणि अल्बमाची सगळी गाणी सापडली की त्याच्या नावाशेजारची तबकडीची खूण सोनेरी होते. खालच्या चौकटीत टॅगमधला जुना आणि नवा मजकूर शेजारी शेजारी दिसतो. ही चौकट वाचल्याशिवाय ‘सेव्ह’ दाबू नये, कारण एकदा टॅग लिहिले गेले की ते मागे घेण्याची सोय नाही. फाइलींची प्रत आधी वेगळी ठेवावी आणि एका वेळी थोडेच अल्बम घ्यावेत. म्युझिकब्रेन्झच्या सर्व्हरला सेकंदाला साधारण एकच विनंती करण्याची मर्यादा असल्याने हजारो फाइली एकदम ओढून टाकण्यात वेळही वाचत नाही.

सेटिंगचा पसारा मोठा आहे. त्यातल्या दोन-तीन गोष्टी महत्त्वाच्या. स्वतः लिहिलेले शेरे किंवा स्वतः ठरवलेले संगीतप्रकार पुसले जाऊ नयेत, यासाठी ते टॅग राखून ठेवण्याच्या यादीत घालता येतात. कलाकाराचे नाव प्रकाशनावर छापले तसे घ्यायचे की प्रमाणित रूपात, आणि मूळ लिपीत ठेवायचे की आपल्या पसंतीच्या भाषेत, हेही आधीच ठरवावे. संग्रह अर्धा एका लिपीत आणि अर्धा दुसऱ्या लिपीत झाला, तर पहिला घोळ बरा होता असे वाटेल. जुना प्लेअर वापरणाऱ्यांनी एमपी३ फाइलींचे टॅग आयडी३ या टॅग-पद्धतीच्या २.४ ऐवजी २.३ या आवृत्तीत लिहायला सांगावे. फाइलींची नावे बदलणे आणि त्या हलवणे सुरुवातीला बंद असते, ते टॅग मनासारखे होईपर्यंत बंदच राहू द्यावे. मुखपृष्ठे कव्हर आर्ट आर्काइव्हमधून येतात आणि त्यांचा दर्जा बहुधा चांगला असतो.

सेव्ह करताना पिकार्ड प्रत्येक फाइलीत म्युझिकब्रेन्झचा ओळखक्रमांकही लिहिते, हा मला त्याचा सर्वांत टिकाऊ लाभ वाटतो: पुढे फाइलीचे नाव काहीही झाले तरी ती पुन्हा उघडताच अचूक अल्बमात जाते आणि मधल्या काळात साठ्यात झालेल्या दुरुस्त्या घेता येतात.

आज्ञा टंकून काम करणाऱ्यांना बीट्स हे साधन अधिक रुचेल, कारण ते याच साठ्याच्या आधारे संपूर्ण संग्रहाची सूचीही सांभाळते. ज्यांच्याकडे मुख्यतः सुटी गाणी, घरगुती ध्वनिमुद्रणे किंवा कुठेच न नोंदलेल्या मैफली आहेत, त्यांना मात्र पिकार्ड फारसे काही देऊ शकत नाही. तिथे टॅग हातानेच भरावे लागतात आणि त्या कामाला एमपी३टॅगची तक्त्यासारखी मांडणी अधिक सोयीची पडते.