डेन्सा बर: मऊ हाडासाठी पैसे वसूल
वरच्या जबड्याच्या मागच्या भागातलं डी-४ हाड, म्हणजे सगळ्यात मऊ प्रकारचं, थर्मोकोलसारखं असतं. नेहमीच्या ड्रिलने ते खरवडून बाहेर येतं आणि इम्प्लांट (दाताच्या मुळाच्या जागी बसवायचा स्क्रू) सैल बसतं. डेन्सा बर (ड्रिलचं खास टोक) ८०० ते १५०० आरपीएमवर (मिनिटाला फेऱ्या) उलटा फिरवला की तेच हाड भोकाच्या भिंतीत दाबलं जातं. सलाईनची धार सतत हवी. बर एका जागी रेटायचा नाही, वरखाली उचलत न्यायचा. नाहीतर हाड तापून मरतं. त्याऐवजी नेहमीच्याच ड्रिलने एक माप लहान भोकावर थांबणं स्वस्त, पण हाडाची कड अरुंद असेल तर इम्प्लांट पिळताना ती तडकते. ऑस्टिओटोमवर (हाड दाबायच्या दांडीवर) हातोडी ठोकली की पेशंटला नंतर गरगरू शकतं, त्यामुळे ती पद्धत आमच्या यादीत शेवटी. टणक हाडात मात्र हाच बर सुलटा फिरवून कापा.