लेझर, इंक टँक की जुना कॉपियर: इंदूरच्या छोट्या ऑफिसासाठी

सिल्व्हर मॉलमध्ये, म्हणजे इंदूरच्या संगणक बाजारात, ‘ऑल-इन-वन दाखवा’ म्हटलं की काउंटरपलीकडून पहिला प्रश्न येतो, ‘‘कलर चाहिए या ब्लैक?’’ वकील, सीए, विमा एजंट किंवा सोसायटीचा कारभार पाहणारा सेक्रेटरी यांच्यासाठी हा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या नंबरचा आहे. अशा ऑफिसातून छापून जितका कागद बाहेर जातो तितकाच बाहेरून आत येतो: अशिलाच्या फायली, वडिलांच्या वेळची खरेदीखतं, बँकेची स्टेटमेंटं, दोन्ही बाजूंनी छापलेल्या नोटिसा. हा आत येणारा कागद मशीन कसं घेतं, यावर रोजची कटकट ठरते. म्हणून माझा क्रम असा: आधी कागदाची वाट, मग पानामागचा खर्च, मग नेटवर्क. फॅक्स लागत असेल तर त्याचा हिशेब वेगळा, तो शेवटी.

समोर पर्याय साधारण तीन असतात. टेबलावर मावणारं मोनो लेझर एमएफपी (फक्त काळं छापणारं, छपाई-स्कॅन-कॉपी एकत्र करणारं मशीन), शाईच्या बाटल्यांवर चालणारं इंक टँक, आणि रिकंडिशन केलेला ए-३ कॉपियर, ज्याला बाजारात नुसतं ‘झेरॉक्स मशीन’ म्हणतात, मग ते कॅननचं असो की रिकोचं.

कागदाची वाट

खोक्यावर ‘एडीएफ’ दिसलं की निम्मे लोक निर्धास्त होतात. वरच्या ट्रेमध्ये गठ्ठा ठेवा, मशीन एकेक पान ओढून घेईल, एवढंच त्या तीन अक्षरांत आहे. मागची बाजू वाचली जाईल की नाही, ते त्यातून कळत नाही. साध्या एडीएफमध्ये एकच बाजू स्कॅन होते. पाठपोट छापलेली चाळीस पानी नोटीस असेल तर गठ्ठा पालथा करून पुन्हा घाला, आणि मग पीडीएफमध्ये विषम पानांत सम पानं गुंफत बसा.

आरएडीएफ (रिकोच्या पत्रकात यालाच एआरडीएफ म्हणतात) पान आत नेऊन उलटवतं आणि दुसऱ्यांदा वाचतं. क्रम आपोआप लागतो, पण वेग बराच उतरतो. शिवाय पान आतल्या आत वळणं घेतं, त्यामुळे घड्या पडलेला, मऊ झालेला कागद तिथेच अडकतो. सिंगल पास डुप्लेक्समध्ये, म्हणजे रिकोच्या भाषेत एसपीडीएफमध्ये, दोन सेन्सर समोरासमोर असतात आणि एका फेरीत दोन्ही बाजू टिपल्या जातात. स्वस्त मशीनमध्ये हे मिळत नाही. तरी ज्याचं काम दोन्ही बाजूंच्या कागदांचं आहे, त्याने रंगीत छपाईवर जास्तीचे पैसे घालण्याऐवजी ते इथे घालावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

सगळ्यांत फसवा शब्द ‘ऑटो डुप्लेक्स’. लहान मशीनच्या खोक्यावर तो बहुतेक वेळा फक्त छपाईबद्दल असतो. विक्रेता ‘‘डुप्लेक्स है ना’’ म्हणतो तेव्हा खोटं बोलत नसतो, तुम्ही विचारलेलं मात्र तो सांगत नसतो. ‘‘स्कैन में भी?’’ असं पुढे विचारा. वेगाच्या आकड्यांतही अशीच गफलत होते. पीपीएम म्हणजे मिनिटाला किती पानं. आयपीएम म्हणजे मिनिटाला किती प्रतिमा. एकाच फेरीत दोन्ही बाजू वाचणाऱ्या स्कॅनरचे ४० आयपीएम म्हणजे मिनिटाला २० कागद. शेजारच्या मशीनवर २५ पीपीएम लिहिलं असेल तर ते हळू आहे असं समजू नका. तसंही दिवसाला शंभर पानं करणाऱ्या ऑफिसात पीपीएममुळे फारसं काही बिघडत नाही. फ्यूझर (टोनर कागदावर वितळवणारा भाग) तापून पहिलं पान बाहेर यायला किती सेकंद लागतात, ते जास्त जाणवतं, कारण आपण बहुतेक वेळा एक-दोन पानंच छापतो.

लीगल साइजचा घोळ तर आपल्याकडे हमखास होतो. ए-४ पान २१० बाय २९७ मिलिमीटर, लीगल २१६ बाय ३५६. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ए-४ कागदावर पाठपोट छपाई स्वीकारली, पण घरोघरच्या दस्तऐवजांचा आकार त्याने बदलत नाही. टेबलावरच्या बऱ्याच मशीनची काच फक्त ए-४ असते, लीगल पान एडीएफमधूनच जातं. सुटं पान असेल तर ठीक. टाके घातलेली फाइल किंवा विरायला आलेला स्टॅम्पपेपर एडीएफमध्ये घालणं म्हणजे त्याची विल्हेवाट लावणं. तो काचेवर ठेवला की खालचा सव्वादोन इंचांचा भाग, नेमका सह्यांचा, बाहेर राहतो. जिल्हा न्यायालयात किंवा उच्च न्यायालयाच्या खंडपीठात रोज जाणाऱ्याने काच लीगल आहे का, हे टेपने मोजून बघावं. जुन्या कॉपियरची बाजू इथेच वर जाते. त्याची काच ए-३ असते, दोन लीगल पानांचा उघडा दस्तही बराचसा मावतो. काचेखाली सीसीडी प्रकारचा स्कॅनर असेल तर आणखी बरं. लहान मशीनमधल्या सीआयएस सेन्सरला काचेपासून जरा वर उचललेला कागद पुसट दिसतो, म्हणून जाड फाइलच्या शिवणीजवळची अक्षरं धुरकट येतात. सीसीडी तेवढी उंची सांभाळून घेतो.

स्कॅनच्या डीपीआयचे (इंचाला किती ठिपके) मोठाले आकडे सोडून द्या. ‘ऑप्टिकल’ लिहिलेलं तेवढं खरं. ‘एन्हान्स्ड’ किंवा ‘इंटरपोलेटेड’ म्हणजे मधले ठिपके मशीनने हिशेबाने भरलेले. कागदपत्रांना ३०० डीपीआय पुरतात.

पानामागे किती

‘यील्ड’ म्हणजे एका टोनरमध्ये किंवा बाटलीत किती पानं. मोनो टोनरचा आकडा आयएसओ १९७५२ या पद्धतीने काढलेला असतो, रंगीत शाईचा आयएसओ २४७११ ने. दोन्हींची चाचणीपानं वेगळी, म्हणून लेझर आणि इंक टँक यांचे आकडे शेजारी ठेवून थेट भागाकार करू नये. टोनरच्या चाचणीत पानाचा जेमतेम ५ टक्के भाग काळा होतो. मोठ्या टाइपात ठासून भरलेला दावा किंवा ताळेबंद त्याहून जास्त टोनर खातो. एचपीचं जुनं, घरोघरी पोचलेलं १२-ए कार्ट्रिज २००० पानांचं म्हणून ओळखलं जातं; प्रत्यक्षात दाट मजकुरात त्याचा आकडा खाली येतो. नव्या मशीनसोबत येणारं ‘स्टार्टर’ कार्ट्रिज तर अनेकदा अर्धवटच भरलेलं असतं.

तरीही पानामागच्या खर्चात इंक टँकशी कुणाची स्पर्धा नाही. एक काळी बाटली साधारण चार ते सात हजार पानं देते आणि पानाचा हिशेब पैशांत होतो. मूळ टोनर घेतलं तर लेझरचं पान रुपयांत जातं. मग सगळे इंक टँकच का घेत नाहीत? कारण टाकी वापरात राहावी लागते. दिवाळीला ऑफिस आठवडाभर बंद, मे महिन्यात सुट्टी, मध्ये रंगपंचमीची गेर, म्हणजे मिरवणूक. परत येऊन छापलं की पानावर पांढऱ्या रेघा. हेड क्लीनिंग करा, म्हणजे शाई वाया. ती वाया गेलेली शाई आतल्या पॅडमध्ये मुरते, आणि पॅड भरलं की मशीन थांबतं. ते बदलता येतं की सर्व्हिस सेंटरला न्यावं लागतं, हे घेतानाच विचारा. काही मॉडेलमध्ये, विशेषतः रंगांसाठी, डाय प्रकारची शाई असते आणि तिला पाणी लागलं की ती पसरते. पावसाळ्यात भिजत न्यायालयात जाणाऱ्या कागदाला ते परवडत नाही. टोनर प्लॅस्टिकची भुकटी असते, उष्णतेने कागदावर वितळून बसते, पाण्याला दाद देत नाही.

लेझरमध्ये आणखी एक भेद महाग पडतो. एचपी आणि कॅननच्या अनेक लहान मशीनमध्ये टोनर आणि ड्रम (पानाची प्रतिमा आधी ज्यावर उमटते तो दंडगोल) एकाच कार्ट्रिजमध्ये असतात. ब्रदरमध्ये ड्रम वेगळा. एकत्र असेल तर कार्ट्रिज बदललं की सगळं नवं. वेगळा असेल तर टोनर स्वस्त, पण काही हजार पानांनी ड्रमचं बिल येतं, आणि ते पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत असतं. रिफिल करून घेणाऱ्यांनी हेही धरून चालावं की एकत्रित कार्ट्रिज तीन-चारदा भरलं की ड्रम घासतो, ब्लेड झिजते आणि कडेने काळी रेघ येऊ लागते. रिफिलवाला म्हणतो, ‘‘भिया, ब्लेड बदलनी पडेगी,’’ आणि बहुधा ते खरंच असतं.

‘मासिक ड्यूटी सायकल’ हा आकडा पाहून भुलू नका. मशीन एखाद्या महिन्यात कमाल किती ताण झेपवेल ते तो सांगतो. त्याच्या जवळपास कुठेतरी ‘शिफारस केलेली मासिक पानं’ लिहिलेलं असतं, आणि लहान लेझरवर तो आकडा दहापटीनेही कमी असू शकतो. तुलना करायची ती या दुसऱ्या आकड्याची.

विजेचं थोडक्यात: लेझरचा फ्यूझर तापताना हजार वॅटच्या घरात ओढतो, त्यामुळे संगणकाच्या छोट्या यूपीएसवर त्याला लावू नये. इंक टँकला पंधरा-वीस वॅट पुरतात.

जुन्या कॉपियरच्या पोटात

रिकंडिशन कॉपियर पैशाच्या मानाने सर्वांत जास्त देतो: मोठी काच, आरएडीएफ, दोन-तीन ट्रे, दहा हजारांच्या वर जाणारं टोनर. पण तो घेताना विकणाऱ्यापेक्षा दुरुस्त करणारा माणूस आधी ठरवा. एएमसी (वर्षाचा देखभाल करार) कितीची, आणि तीत ड्रम, फ्यूझर, पिकअप रोलर धरलेत का, हे कागदावर घ्या. मीटर किती फिरलंय ते सेटिंगमध्ये दिसतं. ते काउंटर पेज छापून मागा.

दोन अडचणी मात्र दुकानात दिसत नाहीत. पहिली, ‘स्कॅन टू फोल्डर’. जुनी मशीनं स्कॅन संगणकावर टाकायला एसएमबीची (नेटवर्कवरून फाइल पाठवायच्या पद्धतीची) पहिली आवृत्ती वापरतात, आणि विंडोज १० च्या २०१७ च्या अपडेटपासून ती नव्या इन्स्टॉलेशनमध्ये चालू नसते. हाताने चालू करता येते, पण सुरक्षिततेच्या दृष्टीने ते दार उघडं टाकण्यासारखं आहे. यूएसबीवर स्कॅन किंवा एफटीपी बरं. ‘स्कॅन टू ईमेल’चंही तेच. जीमेलने २०२२ च्या मे अखेरपासून नुसत्या पासवर्डवर मेल पाठवू देणं बंद केलं. आता ॲप पासवर्ड काढावा लागतो, आणि मशीनला टीएलएसची (मेल सुरक्षित पाठवायच्या पद्धतीची) नवी आवृत्ती कळत नसेल तर तेवढ्यानेही भागत नाही.

दुसरी अडचण हार्ड डिस्कची. बऱ्याच मोठ्या कॉपियरमध्ये ती असते आणि केलेल्या कामांच्या प्रतिमा तिच्यावर उरू शकतात. आधीच्या मालकाच्या प्रती तुमच्याकडे येतात, उद्या तुमच्या अशिलांच्या दुसऱ्याकडे जातील. ‘ओव्हरराइट’ किंवा ‘डेटा इरेज’ हा पर्याय मेनूत आहे का, ते बघा.

ड्रायव्हरबद्दल एकच ओळ पुरे: पत्रकावर ‘होस्ट बेस्ड’ किंवा ‘जीडीआय’ असेल तर मशीन विंडोजच्या ड्रायव्हरशिवाय मुकं, हिशेबाचं जुनं डॉसवरचं सॉफ्टवेअर अजून चालवत असाल तर पीसीएल (प्रिंटरला थेट कळणारी छपाईची भाषा) असलेलंच घ्या.

तर निवड? महिन्याला पाचशे-हजार पानं, मधूनमधून आठ-दहा दिवस कुलूप, काम बहुतांश काळं-पांढरं: आरएडीएफ असलेलं मोनो लेझर. रोज चालणारी शिकवणी, प्रश्नपत्रिका, रंगीत तक्ते: इंक टँक, एडीएफसकट. महिन्याला तीन हजारांच्या वर आणि लीगल फायलींचा ढीग: जुना कॉपियर, ओळखीचा मेकॅनिक असेल तरच. रामचंद्रनगर किंवा सुदामानगरात घराच्या पुढच्या खोलीत ऑफिस असणाऱ्यांनी कॉपियरची जागा, वजन आणि आवाज आधी पाहून घ्यावा.

फॅक्स लागतोच असेल तर

अमेरिकेतले दवाखाने आणि जपानी कार्यालयं यांच्याशी काम असणाऱ्यांना तो अजून लागतो. एमएफपीवरचा फॅक्स, सुटं फॅक्स मशीन आणि इंटरनेट फॅक्स हे तीन मार्ग. सुट्या मशीनमधलं थर्मल कागदाचं घेऊ नका, छापील मजकूर काही वर्षांत उडतो. फिल्मच्या रोलवालं घेतलं तर लक्षात ठेवा, वापरलेल्या फिल्मवर आलेला प्रत्येक फॅक्स उलटा वाचता येतो. ती कचऱ्यात तशीच टाकू नये.

एमएफपीच्या पत्रकावर ‘सुपर जी-३, ३३.६ केबीपीएस, पानाला ३ सेकंद’ असं लिहिलेलं असतं. सुपर जी-३ म्हणजे फॅक्सची वेगवान पद्धत. ते तीन सेकंद मोजमापाच्या एका सुटसुटीत पत्राचे, साध्या रेझोल्यूशनवर, दोन्हीकडे सुपर जी-३ आणि स्वच्छ लाइन असताना. साधं म्हणजे इंचाला उभे ९८ ठिपके, ‘फाइन’ म्हणजे १९६. बारीक टाइप, शिक्के किंवा देवनागरी जोडाक्षरं असली की फाइनच हवं, आणि वेळ वाढते. ‘मेमरी ५०० पानं’ हाही त्याच सुटसुटीत पत्राचा हिशेब. ईसीएम मात्र उपयोगाचा शब्द: पानाचा बिघडलेला तुकडा समोरचं मशीन पुन्हा मागून घेतं. तो बंद असेल तर ओळी गळतात आणि गेलेला आकडा कुणाला कळतही नाही.

खरी अडचण लाइनची. तांब्याची तार जाऊन फायबर आलं की टेलिफोनचा आवाज इंटरनेटच्या पाकिटांतून जातो. बोलताना एखादं पाकीट हरवलं तर कान सांभाळून घेतो, फॅक्सला ते जमत नाही. ऑपरेटरला विचारा की टी.३८ (इंटरनेटवरून फॅक्स नेण्याची पद्धत) चालतं का, नाहीतर कॉल जी.७११ कोडेकवर (आवाज फारसा न दाबता नेणाऱ्या पद्धतीवर) ठेवता येईल का. ‘फोन पोर्ट तो है’ या उत्तराने भागत नाही. फायबरवर सुपर जी-३ बंद करून वेग ९६०० किंवा १४,४०० वर आणा, ईसीएम चालू ठेवा. मग समोरच्याला पाठपोट दस्ताची तीन-चार पानं फाइनमध्ये पाठवा आणि नुसत्या ‘ओके’ रिपोर्टवर न थांबता त्याच्याकडे शेवटच्या पानाची शेवटची ओळ वाचून घ्या. दोनदा पाठवून दोनदा तुटलं तर महिन्याच्या दोन-चार फॅक्ससाठी मशीनमधल्या फॅक्सचे पैसे मोजू नका, इंटरनेट फॅक्सचं खातं उघडा.