मोहर्लीच्या वाटेवरचं होमस्टे: खोली चांगली, स्वागताचा तक्ता दुरुस्त करा

ताडोबाच्या मोहर्ली गेटाच्या वाटेवरच्या या होमस्टेत खोल्या स्वच्छ आहेत, अंघोळीला गरम पाणी मिळतं, वांग्याचं भरीत झकास. लिहायचं आहे ते स्वागताबद्दल. काउंटरमागे बारा भाषांतल्या अभिवादनांचा तक्ता लावलाय, आणि पोरं पाहुण्याचा मुलूख विचारून त्याच्याच भाषेत बोलतात. कल्पना फार चांगली. पण तक्त्यात एका भाषेला एकच शब्द, वेळेचा पत्ता नाही.

सकाळच्या सफारीसाठी पाहुणे अंधारातच उठतात. त्या वेळी जपानी माणसाला ‘कोन्निचिवा’ म्हणू नये, तो दिवस वर आल्यावरचा शब्द. पहाटे ‘ओहायो गोझाइमासु’. शेवटच्या ‘सु’तला उकार जवळपास गिळायचा. नुसतं ‘ओहायो’ घरच्या माणसांत चालतं. रात्री ‘कोन्बान्वा’. कमरेतून थोडं वाकायचं, हात जोडायची गरज नाही. फ्रेंचांना दिवसभर ‘बोंजूर’, संध्याकाळी ‘बोंस्वार’. ‘साल्यू’ मात्र खोडाच, तो दोस्तांतला शब्द आहे.

गुजराती ‘केम छो’ इथं नमस्काराच्या जागी लिहिलंय. तो प्रश्न आहे, ‘कसे आहात’ असा. पाहुणा ‘मजामां’ म्हणतो आणि पोरगं गप्प उभं राहतं, कारण पुढचं कोणी शिकवलंच नाही. ‘आवो, बेसो’ एवढं जोडलं की गाडी पुढे सरकते. तमिळचं ‘वनक्कम’ चुकलंय, ‘वणक्कम’ हवं. आपल्या बोलीत पाण्याचं ‘पानी’ होतं, तसा इथंही ‘ण’ निसटला. ‘क्क’वर नीट जोर द्यायचा, हा शब्द दिवसा-रात्री कधीही चालतो. लडाखचं ‘जुले’ सर्वांत सोपं: भेटताना, निघताना, आभार मानतानाही तेच.

खटकलं ते वेगळंच. इथं राबणारी बरीच माणसं गोंड, आपसांत ‘सेवा जोहार’ म्हणतात. तक्त्यावर तो शब्द नाही. तो सर्वांत वर हवा, आणि उत्तरही ‘जोहार’नंच द्यायचं हे पाहुण्याला सांगायला हवं. शेजारी आपलं ‘या जी, बसा जी’ही लिहा. परक्या मुलखातला माणूस इथवर आला तो इथलंही काही ऐकायला.

नवा तक्ता कराल तेव्हा रकाने चार ठेवा: शब्द, वेळ, उत्तर, हात-मानेची रीत. बाराऐवजी सहाच भाषा घ्या, पण पोरांकडून मोठ्यानं म्हणवून घ्या. सध्या स्वागताला पाचपैकी तीन, भरताला पाच.