एचआरव्हीचं सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं: सात महिन्यांच्या वापरानंतर

एचआरव्ही म्हणजे हृदयाच्या दोन ठोक्यांमधल्या वेळेतले चढउतार. ते काढणारं सॉफ्टवेअर ठरवताना मी आधी फीचर्सचे तक्ते शेजारी-शेजारी लावून बघितले होते. कोण किती निर्देशांक काढतं, आलेख कुणाचे देखणे, वगैरे. आता मला कुणी विचारलं तर मी उलट एकच प्रश्न विचारतो: ठोके टिपणाऱ्या छातीच्या पट्ट्याने एखादा ठोका गाळला तर तुमचं सॉफ्टवेअर त्याचं काय करतं?

हिशोब करून बघा. पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग, ठोके मिनिटाला ६०, खरा आरएमएसएसडी (ठोक्यागणिक बदल किती ते सांगणारा आकडा, जास्त म्हणजे शरीर ताजं असं मानतात) ४० मिलिसेकंद. मधला एकच ठोका गळाला की १००० मिलिसेकंदांच्या जागी २००० चं एक इंटरव्हल (दोन ठोक्यांमधलं अंतर) तयार होतं, आणि अलीकडच्या-पलीकडच्या इंटरव्हलशी हजार-हजारचे दोन फरक पडतात. वर्ग, सरासरी, वर्गमूळ, आणि आरएमएसएसडी थेट ९१ च्या आसपास. तीनशेतला एक ठोका! वर कोच तो आकडा बघून खूश, की गडी एकदम ताजातवाना आहे.

माझं काम लांब पल्ल्याच्या १६ धावपटूंवर होतं. आठवड्यातून चार दिवस, सकाळी उठल्याउठल्या, छातीला पट्टा लावून पाच मिनिटं पडून राहायचं. सात महिन्यांत जवळपास १,९०० फायली झाल्या.

सुरुवात कुबिओसने केली, कारण वाचलेल्या बहुतेक पेपरांत तेच होतं. फिनलंडमधल्या विद्यापीठातून आलेलं हे सॉफ्टवेअर. मोफत आवृत्तीत आरआरची, म्हणजे ठोक्यांमधल्या इंटरव्हलची, फाईल टाकली की रिपोर्ट हजर, शिकायला असं काही लागतच नाही. मात्र तिथे ठोक्यांची दुरुस्ती उंबरठा ठरवून करावी लागते. आजूबाजूच्या सरासरीपेक्षा अमुक इतका फरक दिसला की तो ठोका बाद. पायऱ्या पाच, ०.४५ सेकंदापासून ०.०५ पर्यंत. मी जास्तीच्या शहाणपणाने सगळ्यांना ०.१५ ची कडक पायरी लावली. आमच्यातल्या एका धावपटूची विश्रांतीची गती ४४. श्वास आत घेताना इंटरव्हल ११५० वर यायचं, सोडताना १५०० च्या पुढे जायचं. हे निरोगी हृदयाचं खरं लक्षण, आणि मी लावलेली चाळणी नेमकं तेच खोटं समजून कापत होती. दुरुस्त ठोके ११ टक्के दाखवले तेव्हा मला शंका आली. मग एकेक फाईल उघडून, सगळ्यात सौम्य पायरीपासून डोळ्यांनी बघत वर जायचं ठरवलं. १,९०० फायलींना हे करून बघा एकदा.

आपोआप दुरुस्ती आणि ढीगभर फायली एकदम चालवण्याची सोय, दोन्ही पैसे भरायच्या आवृत्तीत आहेत. त्या दुरुस्तीमागची पद्धत लिप्पोनेन आणि तारवाइनेन यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केली. पायथनमधल्या न्यूरोकिटमध्ये हीच पद्धत मोफत मिळते, म्हणून तिसऱ्या महिन्यात मी तिकडे वळलो.

न्यूरोकिटने पहिल्याच दिवशी माझी फजिती केली. प्रयोगशाळेतला ईसीजी ५०० हर्ट्झचा, फंक्शनमध्ये ठरलेला आकडा १०००, आणि मी तो बदललाच नाही. ५२ ठोक्यांचा माणूस १०४ वर धावू लागला. ही चूक निदान ओरडून सांगते. दुसरी चोरपावलांनी येते: एचएफ पॉवर (चढउतारांतल्या वेगवान, श्वासाशी जोडलेल्या लाटांचा जोर) काढली तर कुबिओसमध्ये शेकड्यांत मिलिसेकंद वर्ग, आणि इथे शून्य पॉइंट काहीतरी. न्यूरोकिट स्पेक्ट्रम (कुठल्या लाटेचा जोर किती, त्याचा आलेख) मुळातच नॉर्मलाइझ करून, म्हणजे प्रमाणात बसवून देतं, ते बंद करावं लागतं. इंटरपोलेशनचा, म्हणजे ठोक्यांमधल्या जागा भरून काढण्याचा, दरही दोघांचा वेगळा. आरएमएसएसडी मात्र दोन्हीकडे जवळजवळ तंतोतंत जुळला. तपासणीची एक सोपी युक्ती: एसडी१ (ठोक्यागणिक बदलाचाच आणखी एक निर्देशांक) म्हणजे आरएमएसएसडी भागिले १.४१४. ४२ असेल तर २९.७ यायला हवा. नसेल आला, तर कुठेतरी दोन वेगळ्या दुरुस्त्या लागल्यात.

एलएफ (मंद लाटा) आणि एचएफ यांचं गुणोत्तर, जे ताणाचं माप म्हणून दाखवतात, ते मी सोडूनच दिलं. एचआरव्ही मोजण्याचे निकष ठरवणाऱ्या १९९६ च्या टास्क फोर्सने एचएफची खालची सीमा ०.१५ हर्ट्झ ठरवली, म्हणजे मिनिटाला ९ श्वास. आमचे निम्मे धावपटू पडल्यापडल्या ८ वर येतात. मग श्वासाची सगळी लाट एलएफमध्ये जाऊन बसते आणि रिपोर्ट म्हणतो, ताण वाढला. कुठलंही सॉफ्टवेअर घ्या, श्वास मोजला नसेल तर हा घोळ होणारच.

सगळ्यात जास्त मनस्ताप दिला तो एका फोन ॲपने, जे फक्त रेकॉर्डिंगसाठी होतं. ब्लूटूथवरून पट्टा आरआर पाठवतो तो सेकंदाच्या १०२४ व्या भागात. ॲपने तो आकडा न बदलता मिलिसेकंद म्हणून फाईलमध्ये उतरवला. ईसीजीवर सरासरी ९८४, फाईलमध्ये १००८. सगळं काही २.४ टक्के जास्त. एकाच माणसाची स्वतःशी तुलना केली तर हे खपून जातं, पण आमच्याकडे सहा जण एका ॲपवर आणि दहा जण दुसऱ्यावर होते. ग्राहक सेवेला दोनदा लिहिलं, उत्तर आलं की ॲप रीस्टार्ट करा.

ट्रेडमिलवरच्या डीएफए अल्फा-१ साठी (व्यायामाची तीव्रता वाढली की घटत जाणारा एचआरव्हीचा निर्देशांक) मी परत कुबिओसच उघडतो, कारण तिथे रेकॉर्डिंग डोळ्यांसमोर असतं आणि पट्टा घसरलेला तुकडा लगेच दिसतो. खिडकी ४ ते १६ ठोक्यांची आहे ना, ते सेटिंगमध्ये आधी बघून घ्या. व्यायामाचा एरोबिक उंबरठा ओळखायला वापरतात तो ०.७५ चा आकडा ज्या अभ्यासांतून आला, त्यांत तीच होती.

तर सध्याची मांडणी अशी: रोजच्या फायली न्यूरोकिटवर, आवृत्ती क्रमांक स्क्रिप्टमध्ये बांधून. दुरुस्त ठोके ५ टक्क्यांच्या वर गेले की फाईल बाजूला काढून कुबिओसमध्ये डोळ्यांनी तपासायची. कोड लिहायचा कंटाळा असेल आणि खेळाडू दहाच्या आत असतील, तर नुसत्या कुबिओसवर भागेल.

पहिल्या महिन्यातल्या ४० फायली मात्र गेल्या. तेव्हा मी फक्त रिपोर्टच्या पीडीएफ ठेवत होतो, मूळ आरआर पुसून टाकायचो, जागा वाचावी म्हणून. एक फाईल जेमतेम दोन केबीची.