गावच्या बियाणे बँकेचं बी: भातपेरणीपासून वालाच्या शेवटच्या तोडणीपर्यंत

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्यात राहीबाई पोपेरे यांनी घरच्या बियाण्यापासून सुरू केलेलं गावठी बियाणं जपण्याचं काम 'बायफ' या संस्थेच्या साथीने वाढलं आणि 2020मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आमच्या भागातली बँकही त्याच रीतीने चालते. बी फुकट न्यायचं आणि हंगामानंतर दुप्पट परत करायचं. पूर्ण खरीप वापरून एवढं ठामपणे सांगता येतं, की बँकेत वाण किती आहेत यापेक्षा परत आलेलं बी कसं आहे, हे जास्त महत्त्वाचं.

काळभात या गावठी वाणाचं बी पिशवीतून थेट गादीवाफ्यावर टाकू नका. 100 दाणे ओल्या गोणपाटावर ओळीने मांडून गुंडाळी करा, ओल टिकवा आणि आठव्या दिवशी कोंब मोजा. 80च्या वर आले तर बिनधास्त पेरा, थोडे कमी असतील तर पेरताना बी जास्त घ्या, निम्म्यावर आले तर बी परत द्या. मग 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी ओता. वर तरंगतात ते पोचट दाणे. तळाचं बी दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत 24 तास सुकवा. धुण्यात कंटाळा केला तर दाण्यावरचं मीठ उगवण मारतं. हा भात उंच वाढतो, त्यामुळे संकरित भाताच्या मापाने युरिया दिला की लोंब्या भरताना लोळतो. शेणखतावर भागवा.

सगळ्यात जास्त तक्रार ऐकू येते ती वालाची: "नुसता पालाच आहे, शेंग कुठे?" दोष बियाण्याचा नाही. गावठी वेलवाल दिवस लहान होऊ लागल्यावरच फुलतो. जूनमध्ये लावा नाहीतर जुलैमध्ये, शेंगा थंडीतच. फूल नाही म्हणून खत टाकलं की पाला आणखी माजतो. मांडव मात्र आधीच भक्कम हवा. परसबागेची पाकिटं वाटताना बँकेने ही एक ओळ छापली तर निम्मी नाराजी तिथेच मिटेल.

परतफेडीचं बी धरणं हे खरं कौशल्याचं काम. भातात परपरागीभवन, म्हणजे दुसऱ्या रोपाच्या परागाने दाणा धरणं, फार कमी, म्हणून शेजारच्या वाणापासून 3 मीटर अंतर पुरतं. भेसळ होते ती बहुतेक मळणीत, कारण यंत्रात आधीच्या वाणाचे दाणे अडकून राहतात. बियाण्याच्या लोंब्या उभ्या पिकातूनच निवडा आणि वेगळ्या झोडा. तांबड्या भोपळ्याचं गणित वेगळं आहे, कारण तिथे मधमाश्या दूरवरून पराग आणतात. दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या नर आणि मादी कळ्या संध्याकाळी दोऱ्याने बांधा. सकाळी लवकर नर फुलाच्या पाकळ्या काढून त्याचे पराग मादी फुलावर फिरवा, ते फूल पुन्हा बांधा आणि देठाला खुणेचा धागा लावा. बी त्याच फळाचं धरा.

वालाचा भुंगा पुष्कळदा शेतातूनच शेंगेवर अंडी होऊन घरात येतो. म्हणून बी दाताखाली कटकन तुटेपर्यंत वाळवा, पूर्ण गार होऊ द्या आणि मगच कोरड्या चाळलेल्या राखेत घोळून हवाबंद डब्यात भरा. गरम बी भरलं तर आत घाम सुटतो आणि बुरशी धरते.

सभासद वाढले तशी बँक परतफेड वजनकाट्यावर घेऊ लागली, आणि घसरण तिथेच सुरू होते. दुप्पट वजन आलं, पण निम्मं उगवलंच नाही, तर कोठार भरूनही पुढच्या शेतकऱ्याच्या हाती काही लागत नाही. प्रत्येक पिशवीवर वाण, गाव, मळणीचा महिना आणि उगवणीचा आकडा लिहिलेला हवा. उगवण पाहिल्याशिवाय नोंदवहीत 'परत' असा शेरा पडू नये. गावठी बियाण्याची देवाणघेवाण आणि विक्री करायला 2001चा पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा आड येत नाही. संरक्षित वाणाचं बी ब्रँड लावून विकायला तेवढी मनाई आहे. तेव्हा जादा बी गावाबाहेर द्यायला हरकत नाही, फक्त ते उगवणारं असावं.