भाड्याची कॅम्पर आणि दक्षिणेचा हिवाळा: सोलापूर ते कन्याकुमारी

दोघांच्या मुक्कामाची सोय असलेली कॅम्पर गाडी पुण्याच्या एका भाडेसेवेकडून घेऊन आम्ही पती-पत्नी जानेवारीत सोलापूरहून निघालो आणि कन्याकुमारी करून परतलो. तेव्हापासून ओळखीची बरीच मंडळी ही सेवा घ्यावी का, असे विचारत आहेत. गाडी उत्तम आहे आणि ती ग्राहकाच्या ताब्यात देण्याची पद्धतही काटेकोर आहे. मात्र रात्री ती कुठे उभी करायची, या बाबतीत ही सेवा ग्राहकाला पूर्णपणे वाऱ्यावर सोडते, आणि अशा प्रवासाचे बरेचसे सुखदुःख त्याच एका गोष्टीवर ठरते, असा आमचा अनुभव आहे.

सिद्धेश्वरांच्या यात्रेतील नंदीध्वजांची मिरवणूक आटोपल्यावरच निघायचे, हे घरात आधीपासून ठरलेले होते. ठरल्या दिवशी सेवेचा माणूस गाडी घेऊन विजापूर रोडवरील आमच्या दारात आला. त्यासाठी वेगळे पैसे द्यावे लागतात, पण पुण्याला जाऊन गाडी आणण्यापेक्षा ते परवडते. ट्रॅव्हलर या प्रवासी मिनीबसच्या सांगाड्यावर बांधलेली ही डिझेल गाडी असून, स्वतः चालवण्यासाठी भाड्याने दिल्या जाणाऱ्या वाहनांना असते तशी काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची नंबरप्लेट तिला आहे. एवढी मोठी गाडी साध्या मोटारीच्या परवान्यावर चालवता येते का, ही शंका अनेकांना असते. एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असलेले वाहतुकीचे वाहन हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे आणि ही गाडी त्या मर्यादेत बसते.

गाडी सोपवताना त्या तरुणाने जे केले त्याचे कौतुक वाटते. त्याने नुसते दाखवले नाही, प्रत्येक गोष्ट आमच्याकडून करून घेतली. पाण्याची टाकी भरणे, पंपाचे बटण, गॅसची मुख्य तोटी, बॅटरीची जोडणी तोडण्याचा लाल खटका, छतावरची झडप, शौचालयाची खालची पेटी ओढून काढणे आणि पुन्हा बसवणे, हे सगळे यजमानांनी एकदा आणि मी एकदा केल्याशिवाय त्याने कागदावर सही घेतली नाही. दोघांपैकी एकालाच सगळे माहीत असले आणि नेमका तोच आजारी पडला तर काय करायचे, असे तो म्हणाला, आणि ते आम्हाला मनापासून पटले.

विजेचा हिशेब घेणाऱ्याने आधी नीट समजून घ्यावा. गाडीत १२ व्होल्टची, २०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी आहे, म्हणजे साठा अडीच युनिटांच्या आसपास झाला. छोटा फ्रिज दिवसाला साधारण अर्धे युनिट घेतो, १,५०० वॉटची इंडक्शन शेगडी वीस मिनिटे चालवली की आणखी अर्धे युनिट जाते, उरलेल्यात दिवे, पंखा, पाण्याचा पंप आणि मोबाइल. छतावरील सौर पत्रा आणि चालत्या गाडीचे इंजिन असे दोन्हीकडून बॅटरीला चार्जिंग मिळते. त्यामुळे रोज थोडे तरी अंतर कापणाऱ्याला अडचण येत नाही. पण गाडी एकाच जागी दाट सावलीत उभी राहिली, तर दुसऱ्या संध्याकाळी आकडा झपाट्याने खाली आलेला दिसतो. बॅटरीवर रात्रभर एसी चालवणे शक्य नाही, आणि ही गोष्ट सेवेच्या माहितीपत्रकात ठळकपणे द्यायला हवी होती. स्वयंपाकासाठी आम्ही मुख्यतः पाच किलोच्या गॅस सिलिंडरचा वापर केला आणि इंडक्शन केवळ बाहेरून वीजजोडणी मिळाली तेव्हाच लावली.

झोपण्याची व्यवस्था ही या गाडीची सर्वांत चांगली बाजू आहे. समोरासमोरच्या दोन बाकांमधील टेबलाचा पाय एक खिट्टी सोडून खाली दाबला की टेबलाची फळी बाकांच्या पातळीला येऊन बसते. तिच्यावर पाठीच्या गाद्या आडव्या टाकल्या की सहा फुटांची सलग जागा तयार होते. गाद्यांच्या जोडाची रेघ पहिल्या रात्री पाठीला जाणवली, म्हणून दुसऱ्या रात्री आम्ही त्यावर घरून नेलेल्या दोन सोलापुरी चादरी दुहेरी घड्या घालून अंथरल्या आणि तो प्रश्न कायमचा मिटला. सेवेने दिलेली पांघरुणे स्वच्छ होती, पण पातळ होती. उटीला जाणाऱ्याने स्वतःची जाड चादर किंवा रजई न्यावीच.

स्वयंपाकाचा ओटा लहान असला तरी विचारपूर्वक केलेला आहे. शेगडीला कठडा असल्यामुळे पातेले सरकत नाही आणि सिलिंडर पट्ट्याने घट्ट बांधलेला असतो. या बाबतीत सोलापूरकरांचे पारडे मुळातच जड आहे, असे मी अभिमानाने म्हणेन. कडक भाकरी आणि शेंगांची चटणी बरोबर असल्यावर फ्रिजची, गॅसची किंवा वेळेवर हॉटेल सापडण्याची चिंता उरत नाही. भाकरीचा चुरा, वर दही, बाजूला चटणी आणि बुक्कीने फोडलेला कांदा, एवढ्यावर आमची दुपारची जेवणे सुखाने झाली. सकाळचा चहा गाडीत, दुपारी भाकरी आणि रात्री गावात इडली-डोशाचे किंवा केळीच्या पानावरचे जेवण, अशी आमची घडी बसली.

ऋतूविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण दक्षिणेचा हिवाळा सगळीकडे एकसारखा नसतो. ईशान्य मोसमी पावसामुळे तमिळनाडूच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर ते डिसेंबर हेच खरे पावसाचे महिने असतात, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत कॅम्पर घेऊन रामेश्वर गाठण्याचा बेत करू नये. जानेवारीच्या मध्यानंतर हवा निवळते. सोलापूर ते चित्रदुर्ग या पट्ट्यात रात्री आल्हाददायक गारवा होता आणि पंखासुद्धा लागला नाही. उटीला मात्र पहाटे गवतावर दहिवर गोठलेले दिसले आणि गाडीच्या काचांवर आतून पाण्याचे ओघळ आले. बंद गाडीत दोन माणसांच्या श्वासातली वाफ थंड पत्र्यावर आणि काचेवर जमते. कडाक्याची थंडी असली तरी छतावरची झडप बोटभर उघडी ठेवावी, हा त्यावरचा उपाय. दुसऱ्या रात्री आम्ही तसे केले आणि गाद्या कोरड्या राहिल्या. रामेश्वर आणि कन्याकुमारीला याच्या अगदी उलट, हवा दमट असल्यामुळे रात्रभर पंखा चालू ठेवावा लागला. मार्चमध्ये या किनाऱ्यावर एसीशिवाय गाडीत झोपणे मला तरी शक्य वाटत नाही.

रस्ता सुंदर आहे. विजयपूरपर्यंतचा (म्हणजे विजापूरपर्यंतचा) राष्ट्रीय महामार्ग ५२ आणि तिथून होस्पेटकडे जाणारा महामार्ग ५० यांवर ही गाडी सहज धावते. विजापूरचा गोलघुमट सोलापूरकरांनी शाळेच्या सहलीत पाहिलेलाच असतो, म्हणून आम्ही न थांबता पुढे गेलो आणि वाट वाकडी करून बदामीला वळलो. तिथल्या तिसऱ्या लेण्यात चालुक्य राजा पहिला कीर्तिवर्मा याच्या काळातला, त्याचा भाऊ मंगलेश याचा इ. स. ५७८ चा शिलालेख आहे. सकाळच्या पहिल्या उन्हात लाल दगड उजळलेला पाहायचा असेल, तर गावातच मुक्काम असावा लागतो, आणि तो कॅम्परमुळे सोपा झाला. हंपीत विठ्ठल मंदिराकडे गाड्या जाऊ देत नाहीत. वाहनतळावर गाडी ठेवून विजेवर चालणाऱ्या छोट्या गाडीने किंवा पायी जावे लागते. पंढरपूरची मूर्ती विजयनगरला नेली होती आणि संत भानुदासांनी ती परत आणली, ही कथा लहानपणापासून ऐकलेल्या आमच्यासारख्या सोलापूर जिल्ह्यातल्या माणसांना त्या मंदिरात उभे राहिल्यावर काय वाटते, ते लिहून सांगता येण्यासारखे नाही. यजमान बराच वेळ सभामंडपात हात जोडून उभे होते.

आता मुक्कामाचा प्रश्न. कॅम्पर असली म्हणजे मनाला येईल तिथे थांबता येते, ही समजूत जाहिराती पाहून होते आणि ती पहिल्याच दोन-तीन रात्रींत गळून पडते. हंपीच्या स्मारकांच्या परिसरात रात्री गाडीत राहता येत नाही. गुंडलुपेटहून बंदीपूर-मुदुमलईच्या जंगलातून जाणारा रस्ता रात्री ९ ते सकाळी ६ बंद असतो, म्हणून म्हैसूरहून उशिरा निघालेल्या माणसाला अलीकडेच जागा शोधावी लागते. धनुष्कोडी हे गाव २२ आणि २३ डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळात उद्ध्वस्त झाले. तिथल्या टोकापर्यंत आता पक्का रस्ता आहे, पण सायंकाळनंतर कोणालाही थांबू देत नाहीत. समुद्राच्या लाटा ऐकत गाडीत झोपण्याचे आमचे स्वप्न तिथे पूर्ण होणार नव्हते, हे सेवेने आधी सांगितले असते तर बरे झाले असते.

प्रत्यक्षात आम्ही राहिलो ते हॉटेलांच्या आवारात, एका होमस्टेच्या अंगणात, यात्रेकरूंच्या वाहनतळावर आणि महामार्गावरील मोठ्या पेट्रोलपंपांवर. कर्नाटकात माझ्या कन्नडचा फार उपयोग झाला. सोलापुरात मराठीइतकीच कन्नड आणि तेलुगू कानावर पडत असल्यामुळे ती भाषा मला सहज बोलता येते, आणि ‘ऊटा आयता’ (जेवण झाले का) म्हणून बोलायला सुरुवात केली की पंपावरचा पहारेकरी स्वतः पुढे होऊन दिव्याखालची जागा दाखवतो. तमिळनाडूत शिरल्यावर हा आधार संपला. मदुरैच्या अलीकडे एका ठिकाणी रात्री उशिरा गाडी हलवावी लागली, आम्ही सेवेच्या मदत क्रमांकावर फोन केला आणि पलीकडच्या माणसाने नम्रपणे पण काहीही न सुचवता “जवळपास हॉटेल बघा” एवढेच सांगितले. याच सेवेच्या गाड्या वर्षभर या रस्त्यांवर फिरत असतात, तेव्हा आधीच्या ग्राहकांनी वापरलेल्या सुरक्षित जागांची एक साधी यादी देणे तिला अजिबात अवघड नाही. केरळ आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाची धोरणे जाहीर केली खरी, पण आमच्या वाटेवर पाणी, वीज आणि सांडपाण्याची सोय असलेला असा एकही तळ आम्हाला मिळाला नाही.

शौचालयाच्या पेटीचाही प्रश्न याच प्रकारचा आहे. दोघांना ती दोन दिवस, ताणून अडीच दिवस पुरते. ती रिकामी करण्यासाठी दर वेळी परवानगी मागावी लागते, बहुतेक ठिकाणी लोक समजूतदारपणे होकार देतात, काही ठिकाणी नाक मुरडतात. आम्ही शक्य तेव्हा बाहेरची स्वच्छतागृहे वापरली आणि गाडीतले शौचालय रात्रीसाठी राखले. किनाऱ्यावरच्या उष्म्यात औषधी द्रव नेहमीपेक्षा अधिक टाकावे लागते आणि सेवेने दिलेली बाटली त्यामुळे परतीच्या आधीच संपली.

नीलगिरीत जाणाऱ्यांनी दोन गोष्टींची तयारी ठेवावी. उटीला येणाऱ्या वाहनांसाठी मे २०२४ पासून ई-पास सक्तीचा झाला आहे आणि तो ऑनलाइन काढता येतो. एकदा वापरून टाकायच्या प्लॅस्टिकच्या पाण्याच्या बाटल्या त्या जिल्ह्यात चालत नाहीत, नाक्यावर गाडी तपासतात. मसिनगुडीहून कल्हट्टीच्या चढणीचा, ३६ वळणांचा रस्ता जवळचा असला तरी एवढ्या उंच गाडीने त्याच्या वाटेला जाऊ नये. आम्ही गुडलूरमार्गे गेलो, वेळ अधिक लागला, पण पोटातले पाणी हलले नाही.

गाडीच्या बारीकसारीक उणिवांपैकी एकच सांगण्यासारखी आहे. ओट्याखालच्या खणाची कडी सैल होती आणि गतिरोधकावर तो खण उघडून डबे बाहेर येत. आम्ही नाडीने बांधून काम भागवले. परत देताना ते दाखवल्यावर त्या तरुणाने लगेच लिहून घेतले. रोजच्या किलोमीटरची मर्यादा मात्र जाचक वाटली. सोलापूर ते कन्याकुमारी सरळ गेले तरी सुमारे १,३०० किलोमीटर होतात, त्यात बदामी, उटी आणि रामेश्वर धरले की ज्यादा अंतराचे पैसे भरावेच लागतात. दर दिवसाच्या मर्यादेऐवजी संपूर्ण प्रवासाची एकत्रित मर्यादा मागून घ्यावी. आम्ही आग्रह धरल्यावर सेवेने ती मान्य केली.

दिवसाचे भाडे चांगल्या हॉटेलातील खोलीच्या दुपटीहून अधिक पडते आणि त्यावर डिझेल वेगळे, त्यामुळे पैसे वाचवण्यासाठी हा पर्याय निवडू नये. रामेश्वर बेटाला जोडणाऱ्या पांबनच्या १९८८ सालच्या रस्त्याच्या पुलावरून जाताना शेजारचा, एप्रिल २०२५ मध्ये सुरू झालेला रेल्वेपूल दिसतो. त्याचा मधला भाग जहाजांसाठी सरळ वर उचलला जातो. पूल ओलांडल्यावर आम्ही वाहनतळावर गाडी उभी करून चहा ठेवला, पाण्याकडे पाहत तो निवांत घेतला आणि मनाला आले तेव्हा निघालो. अशा थांबण्यासाठी मी हे भाडे पुन्हा आनंदाने देईन. ज्यांना रोज तीनशे-चारशे किलोमीटर कापून ठिकाणे पूर्ण करायची आहेत, त्यांनी मोटार आणि हॉटेल हाच मार्ग धरावा. अनामत रक्कम सेवेने आठवड्याच्या आत पूर्ण परत केली, स्वच्छतेपोटी काहीही कापले नाही. पुढच्या वेळी बुकिंग करण्यापूर्वी मात्र मी मुक्कामाच्या जागांची यादी लेखी मागणार आहे आणि ती मिळाली नाही तर निदान पहिल्या चार रात्रींच्या जागा स्वतः फोन करून ठरवल्याशिवाय गाडी ताब्यात घेणार नाही.