पेन्शन सांगून विमा गळ्यात मारला

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं एकट्याचं लेथचं वर्कशॉप आहे. कामगार नाही, भागीदार नाही, त्यामुळे पीएफचा प्रश्नच नाही. म्हातारपणाची सोय आपली आपणच करायची. माझं चालू खातं ज्या बँकेत आहे, तिथल्या मॅनेजरला हे पक्कं ठाऊक होतं. कॅश क्रेडिटच्या नूतनीकरणाची फाइल टेबलावर असतानाच त्यानं विषय काढला. "स्वतःचा धंदा असणाऱ्यांसाठी एनपीएससारखीच, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय पेन्शन योजनेसारखीच, योजना आहे. वर्षाला एक लाख भरा, साठीनंतर दरमहा पेन्शन." कर्ज ज्याच्या सहीवर अडलंय त्याला नाही म्हणणं किती जड जातं, हे धंदेवाल्यांना सांगायला नको.

फॉर्म त्यानंच भरला, मी सह्या केल्या. कंपनीचा फोन येईल, सगळ्याला 'हो' म्हणा, नाहीतर फाइल अडकेल, असंही बजावलं. बॉन्ड, म्हणजे योजनेचा मूळ कागद, मागितला की उत्तर ठरलेलं: "कागद शाखेत सुरक्षित आहेत."

दोन हप्ते गेल्यावर रिटर्न भरताना आमच्या सीएंनी आयकराच्या ८०सीसीडी(१बी) कलमाखालच्या ५०,००० रुपयांच्या जादा वजावटीसाठी प्रान नंबर मागितला. एनपीएसचं खातं उघडलं की हा १२ अंकी नंबर मिळतोच. मला तो कधी मिळालाच नव्हता. भांडून बॉन्ड हातात घेतला, तर ती आयुर्विम्याची साधी पॉलिसी निघाली. हप्ते १० वर्षं, आणि तेव्हाच सोडली असती तर भरलेल्याच्या निम्मेही परत नाहीत.

एनपीएसमध्ये एखादं वर्ष मंदीत गेलं तर हजार रुपये भरूनही खातं चालू राहतं. पीपीएफला तर वर्षाला ५०० पुरतात. आमच्यासारख्यांची कमाई वर्षावर्षाला हलते, म्हणून हे फार मोलाचं आहे. पण तिथं विकणाऱ्याला किरकोळ मिळतं, विम्याच्या पहिल्या हप्त्यावर मात्र घसघशीत कमिशन. माझ्या मते सगळी मेख इथंच आहे. नोकरदाराचे कागद निदान ऑफिसात कुणीतरी बघतं. आमचे बघायला कुणी नसतं, हे या लोकांनी हेरलंय.

विमा कंपनीनं त्या फोनवरच्या 'हो'चं रेकॉर्डिंग पुढे करून तक्रार फेटाळली. मग मी प्रपोजल फॉर्मची, म्हणजे मॅनेजरनं भरलेल्या त्या अर्जाची, प्रत मागवली, आणि तिथंच त्यांची चोरी उघडी पडली. माझा व्यवसाय 'नोकरी' लिहिला होता, उत्पन्न तिप्पट दाखवलं होतं आणि ईमेल भलत्याचाच होता. ही प्रत जोडून पुण्याच्या विमा लोकपालांकडे गेलो. तिथं फी नाही, वकील लागत नाही. हप्त्यांचे दोन लाख परत मिळाले, व्याज मात्र नाही. कंपनीनं तक्रार फेटाळल्यापासून वर्षाच्या आत तिथं जावं लागतं, एवढं ध्यानात ठेवा.

पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, म्हणून बॉन्ड कुणाकडेही ठेवायला देऊ नका. फॉर्मवर मोबाइल आणि ईमेल स्वतःचाच घाला. आणि कुणी "एनपीएससारखी" म्हणालं, तर प्रान कधी मिळणार ते आधी विचारा. तुमच्या नावाचा प्रान निघणार नसेल, तर ती एनपीएस नव्हे, मग चेक फाडू नका.